व्हिडिओत काय बोललीस ते लिही

महू,
२४ सप्टेंबर २०२४

चि. मोनालीस अ. आ. वि. वि.

माझं ठीक चाललंय, फक्त गुडघा ऑर्डर मानत नाही. पत्राचं कारण म्हणजे तुझा व्हिडिओ. शेजारच्या पंचशीलनं फोनवर दाखवला. माझे कान फौजेच्या वर्कशॉपमधल्या इंजिनांनी केव्हाच नेले, त्यामुळे ऐकू काही आलं नाही. पण मध्येच माझा वर्दीतला फोटो आला आणि खाली ठळक अक्षरात ‘कचरू’ हे माझं नाव. साठ हजार लोकांनी पाहिलाय म्हणे. एवढ्या लोकांपुढे नात आजोबाचं नाव घेते म्हटल्यावर माझी छाती फुगली.

तू काय बोललीस हे पंचशीलला विचारलं, तर त्याला एकदम दूध आणायची आठवण झाली. तुझी जयाआत्या म्हणते, मोनालीलाच विचारा. तर शब्दन् शब्द मराठीत लिहून पाठव. १४ ऑक्टोबरला विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम आहे. तिथं मी ते वाचून दाखवणार असं मंडळींना सांगून बसलोय.

तुझी ती ताकदीची पावडर रोज घेतो. चव माणसासाठी केलेली वाटत नाही, पण तू दिली आहेस.

माया आहेच, तुझीही कागदावर येऊ दे.

तुझा आजोबा
कचरू निकाळजे

मल्हारगंज, इंदूर,
३० सप्टेंबर २०२४

ती. आजोबांना सविनय जयभीम, वि. वि.

पत्र मिळालं. या रविवारी येणार होते, पण ताप आला. पावडर दुधातून घ्या, पाण्यातून घेतली तर मलाही नको वाटते.

व्हिडिओचं एवढं काही नाही हो. ही पावडर आम्ही ऑनलाइन विकतो आणि आपल्याखाली नवी माणसं जोडतो. मला ज्यांनी जोडलं त्या शिखा मॅम शिकवतात की माल नंतर, आधी लोकांना आपण पटलो पाहिजे. म्हणून आपली खरी गोष्ट सांगायची, बनावट काही नको. ऑथेंटिक ब्रँडिंग म्हणतात त्याला. मी तेच केलं. आजोबांनी मेहनत केली, मुलांना शिकवलं, असंच काहीतरी बोलले. हिंदीत भराभर बोलले, शब्दन् शब्द आठवत नाही. विहारात वाचण्यासारखं त्यात काही नाही. त्यापेक्षा दुसरं काही छान लिहून देऊ का?

जयाआत्याला जयभीम. माझ्यावर लोभ राहू द्या.

तुमची
मोनाली

महू,
४ ऑक्टोबर २०२४

चि. मोनाली हिस आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांनी तीनदा वाचलं. म्हणाले, पोरगी लाजते आहे. आता त्यांनी पंचशीलला सांगितलंय की व्हिडिओ ऐक आणि मला लिहून दे. तो बिचारा रडवेला होऊन माझ्याकडे आला.

ते फिरायला निघाले की कॉलनीतली माणसं बोलता बोलता थांबतात. बाबांना वाटतं कौतुकानं बघतात. ते सगळ्यांना हात करतात. मी मागून चालते आणि मला वर बघवत नाही.

तूच लिही. मला लिहावं लागलं तर मी माझ्या शब्दांत लिहीन आणि त्यात तुला सांभाळून घेणार नाही.

तुझी आत्या
जया

मल्हारगंज, इंदूर,
८ ऑक्टोबर २०२४

ती. आजोबांना सविनय जयभीम.

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. मला सगळं आठवतं, कारण बोलण्याआधी ते आरशासमोर अकरा वेळा पाठ केलं होतं.

मी म्हणाले की आमच्या घरात इतकं दारिद्र्य होतं, की आजोबा जन्मले तेव्हा ते आईबापांनाच नकोसे झाले आणि त्यांनी पोराचं नाव कचरू ठेवलं. मग तुमचा फोटो दाखवला. शेवटी म्हणाले की इंदूरनं कचरा उचलून देशात नाव कमावलं, तसा मीही आमच्या घरातला कचरा उचलला आणि आज टीम लीडर झाले. एवढं बोलून मी हसले.

खरं काय ते मला माहीत होतं. तुमच्या आधीचे दोन्ही भाऊ पाळण्यातच गेले, म्हणून पणजीनं तुम्हाला उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं मूठभर ज्वारी देऊन उचललं, आणि हे पोर कुणाच्या कामाचं नाही असं मरणाला वाटावं म्हणून नाव कचरू ठेवलं. हे तुम्ही मला कितीदा सांगितलंय. शिखा मॅमना मी आधी हीच गोष्ट सांगितली होती. त्या म्हणाल्या, यात नुसतं प्रेम आहे, दुःख कुठंय, लोक व्हिडिओवर थांबणार नाहीत. मग मी दुःख घातलं. त्यांनी तसं सांगितलं नव्हतं, शब्द माझेच आहेत.

त्या आठवड्यात एकोणीस जण माझ्याखाली जोडले गेले. व्हिडिओ मी काल काढला, पण लोकांनी तो पुढे पाठवलाय, तो आता मला परत घेता येत नाही. मला ताप नव्हता. तुमच्यासमोर यायची लाज वाटत होती, अजूनही वाटते.

लोभ मागायला तोंड नाही.

मोनाली

महू,
१९ ऑक्टोबर २०२४

चि. मोनालीस अ. आ.

पत्र वेळेवर पोचलं. विहारात वाचलं नाही. चष्मा घरी राहिला असं मंडळींना सांगितलं, म्हणजे मीही खोटं बोललो. कुणी आपला चष्मा पुढे केला नाही. तेव्हा कळलं की सगळ्यांनी व्हिडिओ पाहिलेला आहे.

माझ्याबद्दल बोललीस ते एक वेळ जाऊ दे. पण मी आईला नकोसा नव्हतो. दाई सांगायची, उकिरड्यावर ठेवताना तिनं आपलं लुगडं फाडून माझ्याखाली अंथरलं होतं. साठ हजार लोकांना तू उलटं सांगितलंस, आणि तिच्या बाजूनं बोलायला आता मी एकटाच उरलोय. मला वाईट वाटलं. खूप वाटलं. पण तू लिहिलंस हे बरं केलंस. रविवारी ये, जया काही बोलली तर ऐकून घे. पावडर मी बंद केली आहे.

परवा बँकेत गेलो होतो. पेन्शनवाल्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आपण जिवंत आहोत म्हणून. खिडकीवरच्या बाईंनी नाव विचारलं, तेवढं ओठांवरून कळतं. मागं रांग होती. एक्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा मी माझं नाव हळू आवाजात सांगितलं. बाईंना ऐकू गेलं नाही. मला परत सांगावं लागलं.

माया कमी झालेली नाही, हे वेगळं लिहायची वेळ आली एवढंच.

आजोबा