आम्ही बसणार

२ मार्च, शनिवार

पहिला शर्ट उलटा छापला गेला. सगळी अक्षरं आरशातली. सासूबाई चष्मा लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "छान आहे की. सोबत साहेबाला एक आरसा पाठव."

चूक माझीच. व्हिनाइल, म्हणजे चिकट प्लास्टिक, छपाईच्या जाळीला खालून चिकटवायचं असतं, म्हणजे अक्षरं कापतानाच उलटी कापायला हवीत. मी सरळ कापली. दुपारचे दोन तास पाण्यात. मग कागदावर अक्षरं काढली, कागद खिडकीच्या काचेला उलटा धरला, पेन्सिलीने गिरवला आणि पुन्हा कटर घेऊन बसले.

चौकट जुन्या फोटोची आहे. तिच्यावर नायलॉनची जाळी ताणून खिळे मारले. व्हिनाइल नंबरप्लेटची अक्षरं कापणाऱ्याकडून आणलं. शाई पसरायला काच पुसायचा रबर. बाकी काही लागत नाही. अक्षराच्या जागेचं व्हिनाइल काढून टाकायचं, तिथून शाई झिरपते. उरलेलं जिथे चिकटलंय तिथे नाही.

शब्द दोनच. आम्ही बसणार.

३ मार्च, रविवार

सकाळी बुटकी आली. दिवसभर थांबली. फार दिवसांनी इतकी हसले.

बुटकी आणि मी अकरा वर्षं एकाच चादरीची दोन टोकं धरतोय. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत घडी घालायच्या टेबलावर. ती उंचीने कमी, म्हणून तिचे हात कायम वर. संध्याकाळी खांदे दुखतात तिचे, पण तोंड चालू. बसायची कल्पनाही तिचीच. गेल्या महिन्यात गरम रोलरवरची मावशी चक्कर येऊन पडली. हात रोलरखाली जायचा तो थोडक्यात वाचला. आम्ही साहेबांकडे तीनदा गेलो, निदान स्टुलं तरी द्या म्हणून. साहेब म्हणाले, "बसलं की हाताचा जोर जातो." बाहेर आल्यावर बुटकी म्हणाली, "मग आपण जमिनीवर बसू या. ओरडायचं नाही, भांडायचं नाही. नुसतं बसायचं. सगळ्याजणी, एकाच वेळी."

ठरलं ते असं. चौदा तारखेला, दहाच्या ठोक्याला. ॲप्रनच्या आत शर्ट घालून यायचं. ॲप्रन काढायचे आणि बसायचं.

सत्तावीस जणी. प्रत्येकीने घरातला एक जुना पांढरा शर्ट आणून दिलाय. नवऱ्याचा, भावाचा, एकीने तर सासऱ्यांचा. छापायचं काम माझ्याकडे, कारण माझी अक्षरं वळणदार. शाळेत फळ्यावर सुविचार मी लिहायचे.

बुटकीने तिच्या नवऱ्याचा शर्ट आणला होता. कॉलर झिजली म्हणून तिनेच उलटवून शिवलेली. नेमका त्याच्यावर घोटाळा झाला. ब च्या पोटात व्हिनाइलचे दोन तुकडे ठेवावे लागतात, मधली तिरकी रेघ उमटावी म्हणून. माझे तुकडे एकमेकांना चिकटले. रेघ गेली. छापून वर उचललं तर — आम्ही वसणार.

मी म्हटलं, दुसरा शर्ट आण, हा बाद. बुटकी पोट धरून हसत होती. "राहू दे गं. सगळ्या बसतील, मी वसेन. एकदा जागा धरली की हलणार नाही." पिशवीत घालून घेऊनच गेली.

सासूबाईंनी सहा शर्टांना इस्त्री केली. उलट्या बाजूने, वर कागद ठेवून, शाई पक्की व्हायला. एकाही अक्षराला डाग नाही. लॉन्ड्रीत सासूबाई असत्या तर आम्हा सगळ्यांची सुट्टी.

५ मार्च, मंगळवार

बोटं निळी. निघत नाहीत. दिवसभर हातमोजे घालून काम केलं.

बुटकी आज अर्ध्या दिवसाने आली. तिच्या नवऱ्याचा, भावजींचा, मशीनवरचा दिवस. आठवड्यातून दोनदा आमच्याच हॉस्पिटलात त्यांचं रक्त धुतात. नोकरवर्गाच्या घरच्यांना ती सोय आहे. मी तिच्या वाट्याच्या चादरी करून टाकल्या. एकटीने चादर घडी करायची म्हणजे दोन्ही हातांनी मोठा मासा धरल्यासारखं.

८ मार्च, शुक्रवार

सव्वीस झाले. सत्ताविसावा बुटकीकडे आहेच.

व्हिनाइलची एक कड उचलली गेली, म्हणून शेवटच्या तीन शर्टांत शिरोरेघ जरा जाड आलीय. मीच ओळखेन. ब सगळे खणखणीत.

सासूबाईंच्या पलंगाखाली ट्रंकेत ठेवलेत. तेरा तारखेला दोन-तीन करून घरोघर पोचवायचे. मध्येच ट्रंक उघडून एकदा बघितले. हे माझ्या हातचं, असं म्हणता येईल असं काही मी कधी केलं नव्हतं. चादरी धुतल्या, की परत मळतात.

११ मार्च, सोमवार

नीट लिहिते. नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

अकरा वाजता मुकादमबाई आल्या. "साहेबांनी बोलावलंय." मला वाटलं, हातमोज्यांबद्दल विचारतील.

साहेबांच्या टेबलावर शर्ट होता. घडी घातलेला, अक्षरं वर. ते म्हणाले, "घरी छपाई चालते म्हणे तुमची. अक्षर सुबक आहे." मी वाचत होते. आम्ही वसणार. उलटवून शिवलेली कॉलर. टाकेसुद्धा ओळखीचे.

असा शर्ट जगात एकच आहे.

साहेब बरंच बोलले. विश्वास, शिस्त, रुग्णांचे हाल. शेवटी म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. बाकीच्यांना मी समज देईन." आणि मग, अगदी सहज — "वसणार म्हणजे काय हो? कुठे वसणार?"

एवढं झाल्यावरही मला त्या चुकीचीच लाज वाटली.

ॲप्रन परत द्यायला टेबलाशी गेले. बुटकी पलीकडे मुकादमबाईंबरोबर चादर धरून होती. तिने वर बघितलं नाही. चादरीच्या कडा जुळवत राहिली. जुळलेल्याच होत्या.

वाटेत मनाला समजावत आले. चोरला असेल कुणी. दोरीवरून पडला असेल. भावजी घालून मशीनवर गेले असतील, तिथे कुणी पाहिलं असेल. तीन कारणं काढली. घर येईपर्यंत तिन्ही संपली.

१२ मार्च, मंगळवार

वाट पाहिली. बुटकी आली नाही.

चार वाजता चष्मेवाली आली. कोटांच्या टेबलावर असते ती. आत ये म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच. "माझा शर्ट दे. नवऱ्याचा आहे."

मी ट्रंकेतून काढून दिला. तिने छापलेली बाजू आत घालून घडी केली. मग म्हणाली, "तुला दोष नाही गं. पण म्हाताऱ्या माणसांसमोर अशा गोष्टी करायच्या नसतात."

"म्हणजे?"

"सगळ्यांना कळलंय. तुझ्या सासूबाई शेजारीपाजारी बोलल्या. तिथून फुटलं."

सासूबाई आत भाजी निवडत होत्या. ऐकू गेलं. ती गेल्यावर बाहेर आल्या, हातात भाजीची जुडी तशीच. "मी कुणाशी बोलले? दहा दिवस मी जिनासुद्धा उतरले नाही, त्या इस्त्रीपायी." आवाज चढवला नाही त्यांनी. नंतर जेवल्या नाहीत.

संध्याकाळपर्यंत आणखी नऊ शर्ट गेले. प्रत्येकीने छापलेली बाजू आत घातली.

१३ मार्च, बुधवार

बुटकीच्या घरी जाऊन आले.

तिची पाळी तीनला सुटते. मी साडेतीनला दारात. तिने दार उघडलं आणि बाजूला झाली. जणू वाटच बघत होती. आत भावजी पडून होते. सुया टोचून हात फुगलेला. "या ताई," म्हणाले. "बऱ्याच दिवसांनी. हिला म्हटलं, तुमची नेहमीची फेरी चुकली कशी." त्यांना काही माहीत नाही. हे मी लगेच ओळखलं.

आम्ही स्वयंपाकघरात उभ्या राहिलो. दोघी उभ्याच.

मी म्हटलं, "शर्ट तू दिलास."

"हो."

पटकन म्हणाली. नाही म्हणेल, रडेल, शपथा घेईल — त्या सगळ्याची तयारी करून गेले होते. हो ची तयारी नव्हती.

मग तिनेच सांगितलं, खालच्या आवाजात, आत ऐकू जाऊ नये म्हणून. भावजींच्या सोयीचा कागद दर मार्चमध्ये साहेबांच्या सहीने पुढे चालू होतो. शनिवारी ती सहीला गेली. साहेबांनी कागद समोर ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, तुमच्या टेबलावर काय शिजतंय? "टोपण काढून बसले होते गं. नुसतं बघत होते माझ्याकडे. मी काय करणार होते?"

"मला येऊन सांगायचंस."

"सांगून तू काय केलं असतंस?"

खरंच काय केलं असतं? बसणं रद्द केलं असतं बहुतेक. शर्ट पाण्यात घातले असते. तिच्यासाठी केलं असतं. पण तिने विचारलंच नाही.

ती म्हणाली, "मला वाटलं, तुला समज देऊन सोडतील. आईशप्पथ. शर्ट एकच दाखवला. बाकीच्यांची नावं घेतली नाहीत. फक्त तुझं."

फक्त तुझं. असं म्हणाली, जणू माझ्यावर उपकारच.

एवढ्यावरही मी परत फिरले असते. भावजींचा हात मी पाहिला होता. माझ्या पदरात तो कागद असता तर मी काय केलं असतं, कोण जाणे. चपला घालता घालता एवढंच विचारलं, "आणि सासूबाईंचं कुणी उठवलं?"

तेव्हा तिने मान खाली घातली.

"बायका विचारायला लागल्या, फुटलं कुठून. माझ्या तोंडून निघून गेलं. म्हातारीच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं."

सासूबाई तिला लाडू वळून द्यायच्या. तिच्या बाळंतपणात महिनाभर तिच्याकडे राहिल्या होत्या. मी नव्हते, त्या होत्या.

"उद्या जाऊन खरं सांग सगळ्यांना."

"मला तिथे काम करायचंय," ती म्हणाली. "तुझं तर सुटलंय."

आतून भावजी म्हणाले, "अगं, चहा टाक ना ताईंना." मी म्हटलं, आता नको भावजी, पुन्हा येईन.

१४ मार्च, गुरुवार

दहा वाजले. तिकडे कोणी बसलं नाही. मी तेवढी बसले, घरी.

१६ मार्च, शनिवार

जाळी साफ केली. व्हिनाइल कोपऱ्यातून सोलत गेले. जाळीवर निळी छटा राहिलीय, ती जात नाही. घासली, तर जाळी फाटेल.

सासूबाई म्हणतात, आता हाच धंदा कर. शाळांचे शर्ट, खेळाच्या टीमचे शर्ट. "हात चांगला आहे तुझा." मी कटर हातात घेतलं. कागदावर एक अक्षर काढलं, कापायला लागले. अर्ध्यावर ठेवून दिलं. मनच लागेना.

दळण आणायला गेले, तर गिरणीत चष्मेवाली. मी म्हटलं, एक मिनिट ऐक, माझ्या सासूबाईंनी काही केलेलं नाही. ती म्हणाली, "झालं गेलं. कशाला उगाळायचं." आणि पीठ तिथेच ठेवून बाहेर जाऊन उभी राहिली, मी जाईपर्यंत. मग कोणी केलं, ते मी सांगितलं असतं. जिभेवर होतं. पण ते ऐकायला समोर कोणी नव्हतं.

सासूबाई आता खिडकीत बसत नाहीत. विचारलं तर म्हणतात, ऊन लागतं. खिडकी उत्तरेची आहे.

१७ मार्च, रविवार

मुकादमबाईंचा निरोप. साहेबांनी उद्या अकराला भेटायला बोलावलंय.

बुटकी माझ्यासाठी बोलली असेल का? दिवसभर हेच डोक्यात. असेल. नसेल. असेल, तर मी काय म्हणायचं?

१८ मार्च, सोमवार

बुटकी बोलली नव्हती. साहेबांनी विचारलं, "बसायचं मुळात कोणाच्या डोक्यात आलं? तेवढं सांगा आणि उद्यापासून या." मी तिचं नाव सांगितलं. खोटं काहीच सांगितलं नाही. साहेबांनी ते माझ्यासमोर लिहून घेतलं, आडनावाचं स्पेलिंगही विचारलं. मी सांगितलं.

घरी सासूबाईंना म्हटलं, साहेबांना स्वतःची चूक कळली.