तुझ्या बापाचा मजकूर

प्रिय प्रज्वल,

'प्रिय' हा शब्द श्रद्धाचा. मी आपली 'प्रज्या, मेल्या' म्हणून सुरुवात केली होती, पण ती म्हणाली, आजी, पत्रात असं बरं दिसत नाही. म्हणजे आज बोलतेय मी आणि लिहितेय आपल्या मागच्या चाळीतली श्रद्धा, समाधानची बायको. जिच्यापायी तू आणि तुझा बाप भांडलात, तीच. मी 'न्हाई' म्हणते, ती 'नाही' लिहिते. असू दे, निघोजे गावच्या म्हातारीला एकदा तरी शिकलेली वाटू दे.

चार दिवस माझं बूड एका जागी टेकत नाही. ओट्यावर बसले तर वाटतं आत जावं, आत गेले तर वाटतं बाहेर काय चाललंय बघावं. कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला की उठते, जशी काही माझीच शिफ्ट आहे. तुझी आई म्हणते, आत्याबाई, पित्त झालंय. पित्त कसलं, तुम्ही दोघं झालाय मला. तू तिकडं दापोडीत खोली घेऊन बसलायस आणि इकडं बापानं लिहिलेलं अडवून ठेवलंयस.

तू ती गावाची वेबसाइट करत होतास तेव्हा मी विचारलं होतं, केवढ्याला पडली? तू म्हणालास, फुकट. तिचं सॉफ्टवेअर कुणा एकाच्या मालकीचं नाही, जगातली माणसं मिळून बनवतात. कुणीही न्यावं, आपल्या कामाला लावावं, काही सुधारलं तर सगळ्यांसाठी परत ठेवावं. मी म्हटलं, मग ही आपल्या देवळातली भांडीच की! लग्नाला न्यायची, घासून आणायची. एखाद्यानं टोपाला कल्हई करून परत ठेवला तर पुढच्याचा भात लागत नाही. तू हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिलास, आणि ते बोलणं माझ्या नावासकट पहिल्याच पानावर लावलंस. तो दौलतराव अजून रस्त्यात अडवतो, छबूबाई, भांडी घासली का?

नियमही तूच केलास. गाववाला असो की भाडेकरू, कुणीही लिहावं. फक्त तू पास केल्याशिवाय ते दिसायचं नाही. का, तर निवडणुकीत कुणी आईबहिणीवरून लिहू नये. बरोबर होतं. मग श्रद्धानं लिहिलं की चाळीची टाकी गळते, दोन दोन दिवस पाणी येत नाही, मालकांना सांगून तोंड दुखलं. मालक म्हणजे आमचा रविराज. तू ते पास केलंस. सकाळी दुधाच्या डेअरीवर लोकांनी तुझ्या बापाला वाचून दाखवलं, आणि तो घरी आला तो तांबडाबुंद होऊन. घरातलं घरात मिटवायचं सोडून चव्हाट्यावर मांडलंस? काढ ते, नाहीतर तू तरी निघ. तू म्हणालास, नियम सगळ्यांना सारखा, आणि उचलली बॅग. दोघांचीही नाकं माझ्या सासऱ्यावर गेलीत. तो माणूस नाक वर धरूनच मेला. कोणाला सांगू?

फोन केला की तुझं ठरलेलं, हो आजी, बरं आजी, मीटिंग आहे आजी. म्हणून मी श्रद्धाला धरलं. म्हटलं, त्या साइटवरच लिही, पास करायला त्याला वाचावंच लागेल. आम्ही लिहिलं, 'छबूबाईने भाजणी दळून आणली आहे, खाणारा दापोडीला पळाला आहे.' आणि तू न वाचता पास केलंस! दुसऱ्या दिवशी अख्खं भजनी मंडळ दारात. तुझी आई थालीपीठं थापून थापून बेजार झाली. रंभा तर उरलेली बांधून घेऊन गेली. तेव्हा मला कळलं, तू वाचत नाहीस, नुसतं दाबत सुटतोस. शेळी हरवल्याची बातमी पास, शेळी सापडल्याची पास, त्या रंभाच्या जावयाचा वाढदिवससुद्धा पास. अडलंय ते एकच.

आता ऐक. तुझ्या बापानं चाळीवर नवी टाकी बसवली. कुणाला बोलला नाही. प्लंबर दिवसभर वर ठोकत होता आणि हा खाली उभा राहून त्याच्यावर ओरडत होता, एवढंच आम्हाला ठाऊक. पाणी आलं. नंतर एका दुपारी हा ओट्यावर आला. श्रद्धा माझ्याजवळ तांदूळ निवडत होती. हा खाकरला आणि म्हणाला, पोरी, त्या साइटवर लिहायचं कसं गं? तिच्या हातातलं सूप पडता पडता राहिलं. मग हा तिच्या शेजारी बसला आणि ढेकूण मारावा तसा एकेक अक्षर दाबत राहिला. उन्हं उतरली तरी चालूच. शेवटी झालं. तर वर काहीतरी उमटलं. 'मंजुरीच्या प्रतीक्षेत.' म्हणजे काय, यानं विचारलं. श्रद्धा हळूच म्हणाली, म्हणजे प्रज्वलदादांनी हो म्हटलं की दिसेल, काका. अरे, ज्याच्या मंजुरीशिवाय या घरात कधी गॅसची टाकी बदलली नाही, त्याचं तोंड तेव्हा बघायला हवं होतंस. मी पदरात हसले, खोटं कशाला बोलू.

आता हसू येत नाही. जेवताना बापाचा फोन ताटाशेजारी उताणा असतो. तू नाव बघून थांबलास, हे मला कळतं. तुला वाटलं, म्हातारा तेच म्हणत असणार, काढ म्हणून. उघडलंसुद्धा नसशील. आज सकाळी यानं श्रद्धाला विचारलं, लिहिलेलं परत काढून घ्यायचं कसं? ती म्हणाली, मला नाही येत, काका. येतं तिला. हे लिहिताना कान लाल झालेत तिचे. पण किती वेळा नाही येत म्हणेल? तो दुसऱ्या कुणाला तरी विचारेलच.

म्हणून हे कागदावर. फोन तू कापतोस, आणि तिथं लिहावं तर न वाचता गावभर करशील. समाधानला आज सुट्टी आहे, तो बहिणीकडं दापोडीला निघालाय, हातात देईल. तुझ्या बापानं काय लिहिलंय ते श्रद्धाला पाठ आहे, ती तसंच्या तसं उतरवतेय. 'पाण्याची तक्रार खरी होती. टाकी बदलली आहे. तक्रार काढू नये, तशीच राहू द्यावी. माझा मुलगा बरोबर होता. रविराज.' मी तुला परत ये म्हणत नाही, माफ कर म्हणत नाही. ते तुमचं तुम्ही बघा. पण नियम सगळ्यांना सारखा म्हणालास ना, मग भाडेकरणीला दिलंस तेवढं बापाला दे. तो आत्ता फाटकाशी उभा आहे. फोनवर हाताची सावली धरून बघतोय. त्याला वाटतंय, उन्हामुळं दिसत नाही.

तुझीच, जागच्या जागी येरझाऱ्या घालणारी,
आजी