त्याच्या हातात शिट्टी होती

बेत साहूर,
बुधवार, १२ मार्च २०२५

प्रिय निकोला,

तुला, इनेसला आणि पोरींना थोरल्याचे आशीर्वाद. आम्ही बरे आहोत, म्हणजे उठतो, कामाला लागतो, जेवतो. ईस्टरआधीचे उपवास चालू आहेत, त्यामुळे रोज मसूर. नजला म्हणते, नवऱ्याचं तोंड बंद ठेवायला मसुरासारखं दुसरं औषध नाही. छापखाना चालू आहे. परवा लग्नपत्रिकांचं काम आलं. या दिवसांतही लोक लग्नं करतात, मला बरं वाटतं.

पाद्र्यांची बहीण परवा अम्मानमार्गे तुमच्या सांतियागोला निघतेय. तिच्याबरोबर हे पत्र आणि एक लांब गुंडाळी पाठवतोय. फोन केला असता, पण फोनवर तू रडायला लागतोस, मग मी तुझी समजूत घालत बसतो आणि बोलायचं ते राहून जातं.

आधी गावची बातमी. गेल्या रविवारी आपल्या घरी जाहा आली. तू कोवळ्या वयात गाव सोडलंस, तरी विसरला नसशील. गावातली वजनदार मंडळी मागणं घेऊन दारी येतात, कॉफी येते, म्होरक्या कप हातात घेतो आणि न पिता समोर ठेवतो. मागणं मान्य झालं की मगच घोट. अशा कपांवर सोयरिकी जुळल्या, खूनसुद्धा माफ झाले. यजमानाने नकार द्यावा आणि कॉफी निवू द्यावी, असं आपल्या गावात घडलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

म्होरके होते अबू इल्यास, आपल्या वडिलांचे दोस्त. मागे पक्षाची दोन-तीन पोरं, दाढ्या कोरलेल्या. मागणं असं, की मारल्या गेलेल्या आमच्या मुलाचं पोस्टर पक्षाच्या रंगात निघावं, हातात बंदूक असावी, खाली 'आमचा लढवय्या'. पलीकडचं लष्कर नाही तरी त्याच्या हातात शस्त्र होतं म्हणतंच आहे, मग आपण कशाला लाजायचं? बंदूक दिसली की मरणाला वजन येतं, असं त्यातल्या एकाने मला समजावलं. माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून.

मी हात जोडून सांगितलं, की पोरगा फुटबॉलचा पंच होता. शेजारच्या गावातला सामना उरकून घरी येत होता. वळणावर सैनिकांनी थांब म्हटलं, तो थांबला, हात वर केले, तरी गोळी झाडली. हातात शिट्टी होती. एवढंच. दोन्ही संघांच्या शिव्या खाणारा माणूस तो, त्याला एका बाजूचा कसा करणार? अबू इल्यासांना म्हटलं, एका पेनल्टीवरून तुम्हीच त्याला भर मैदानात आंधळं गाढव म्हणाला होतात. म्हातारा मिशीत हसला. पण कपाला हात लावला नाही.

मीही 'घ्या' म्हटलं नाही. कॉफी निवली. खाणीत दगड फोडून वर आलेला माणूस मी, हट्टाला कमी नाही. पण खरं सांगतो, मनात हेच येत होतं. या माणसांना रिकाम्या तोंडी परत पाठवलं, तर उद्या माझ्या दारात कोण येणार?

तेवढ्यात नजला आत आली. जाहासमोर बाया येत नाहीत. तिने सगळे भरलेले कप तबकात गोळा केले, अबू इल्यासांचाही, आणि नवे ठेवून दुसऱ्या भांड्यातली कडू कॉफी ओतली.

"काका, ती मागण्याची कॉफी होती, ती मी मोरीत ओतते," ती म्हणाली. "ही माझ्या मुलाच्या दुखवट्याची. हिच्यावर कुणाला काही मागता येत नाही, आणि हिला कुणी नाही म्हणू शकत नाही."

म्हाताऱ्याने नवा कप उचलला. मग प्याला. मग सगळेच प्याले. जाताना म्हातारा पक्षाच्या पोराला, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "तुझी बंदूक घेऊन जा घरी."

मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात रेडिओ लावला होता. पलीकडच्यांच्या इमारतींवर सिमेंट वाहता वाहता मी त्यांची हिब्रू कानांनी उचलली, तुला माहीत आहे. निवेदक सांगत होता, की आता शंकेला जागा नाही. मेलेल्याचा सख्खा काका चिलीमधल्या मोर्चात त्याचं बंदूकधारी चित्र मिरवतोय.

गिऱ्हाइकाच्या फोनवर ते चित्र पाहिलं. मी तुला पाठवलेला फोटो, खेळ थांबवायला हात वर केलेला. तुमच्या मोर्चाच्या समितीतल्या चित्रकाराने शिट्टी पुसून बंदूक काढलीय. आणि त्या चित्राची काठी धरलेला हात तुझा.

निकोला, लष्कराला जी बंदूक सापडत नव्हती, ती तू त्यांना शोधून दिलीस.

प्रेमापोटी केलंस, हे मला सांगू नकोस, मला माहीत आहे. इतक्या लांबून शिट्टी लहान दिसत असेल. पण ती हातात धरणारा लहान नव्हता.

आता हादासबद्दल. जेरुसलेमची ज्यू बाई. युद्धाच्या पहिल्या दिवशी तिचा मुलगा मारला गेला. तिच्याकडेही लोक त्याचा फोटो मागायला आले होते, खाली 'सूड' लिहायला. तिने दार लावून घेतलं. दुखवट्यात ती येऊन नजलाजवळ बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी तास न् तास बसल्या. आता ती दर आठवड्याला जेरुसलेमात, स्वतःच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आमच्या मुलाचं पोस्टर धरून उभी राहते. लोक थुंकतात. तिचा निरोप आला, "जरीस, जाड कागदावर छाप. इथले लोक फार फाडतात."

तेच पोस्टर गुंडाळीत आहे, जाड कागदावरचं. फोटो होता तसाच, शिट्टीसकट. वर अरबी, हिब्रू आणि तुमच्या स्पॅनिशमध्ये लिहिलंय, 'शिट्टी वाजली. थांबा.' खाली, 'युद्ध बंद करा. पॅलेस्टिनींना जगू द्या.' आणि त्याचं नाव. ते मशीनने छापलं. तो गेला त्या दिवसापासून मी ते तोंडाने उच्चारलेलं नाही. हाताने आत्ता पहिल्यांदा लिहितोय.

रामेज.

येत्या रविवारी तुमचा पुन्हा मोर्चा आहे ना? ते जुनं चित्र फाड. मंचावर चढ आणि स्वतःच्या तोंडाने सांग, की बंदूक आम्ही रंगवली, पोराच्या हातात शिट्टी होती. समितीवाले म्हणतील, यामुळे आपली बाजू लंगडी पडते. पडू दे. निःशस्त्र पोराला मारलं, हे ज्याला पुरेसं वाटत नाही, त्याची साथ मला नको. तुला भित्रा म्हणतील. मलाही इथे म्हणतात, आणि मी रोज सकाळी त्यांच्याच समोर दुकान उघडतो.

आणि नसेल जमत, तर मोर्चात जा, घोषणा दे, पण माझ्या मुलाला खांद्यावर घेऊ नकोस. तरीही या घरी आलास तर ताट वाढलेलं असेल. फक्त नजला काय बोलेल, त्याची हमी मी देत नाही.

तू खरं बोलशील, असं गावभर सांगून बसलेला,
तुझा थोरला भाऊ
जरीस,
रामेजचा बाप