सोडलेल्या जागेवर गेलेली बाई

प्रति,
मा. उपसंचालक,
दुर्गम गावांसाठी सवलतीची विमानसेवा,
विभागीय कार्यालय, पुकाल्पा.

अर्जदार : फेर्मिन शापियामा, धंदा पाव भाजण्याचा, राहणार सान्ता रोसेंदा, विमानपट्टीच्या मागची गल्ली.

विषय : पत्नी मयत ओर्फेलिंडा पिनेदो यांचे शव गावी आणण्याबाबतचा अर्ज मागे घेणे व त्याऐवजी एक नोंद करून मिळणे.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज व त्यांवर आपल्या कार्यालयाची उत्तरे. पैकी शेवटच्या उत्तरात, अर्जदार शहरातच असल्यामुळे त्याने समक्ष हजर राहावे, असे कळविले आहे.

महोदय,

१. अर्जात लिहिलेला मजकूर पुरावा म्हणून धरला जात नाही, त्यासाठी न्यायाधीशासमोर केलेले प्रतिज्ञापत्र लागते, असे आपण गेल्या पत्रात कळविले. ते वाचून अर्जदाराला बरे वाटले. म्हणजे अर्जात खरे ते लिहायला हरकत नाही. सबब या वेळी सगळे पहिल्यापासून लिहीत आहे.

२. सान्ता रोसेंदाला रस्ता नाही. नदी आहे, पण ती आधी परक्या देशात शिरते आणि आठवडे खाऊन मग कुठेतरी पोचवते. त्यामुळे बाहेर जायचे तर विमान. तेही बारा जणांचे, मंगळवारी आणि शुक्रवारी, ढगांची मर्जी असेल तर. सवलतीच्या तिकिटासाठी आधी नाव नोंदवावे लागते आणि पाळी यायला दीड-दोन महिने जातात. आता दुखणे काही पाळी लावून येत नाही. म्हणून गावात एक रीत आहे. कोणी अत्यवस्थ झाले की विमान कंपनीचा इथला माणूस वाल्तेर, जो दुकानही चालवतो, कर्ण्यावरून ओरडतो, "एक जागा पाहिजे होऽ! कोण उतरतंय?" आणि कोणीतरी उतरते. कोणीच उतरले नाही असे गावात कधी झालेले नाही. यादीतले नाव मात्र तसेच राहते, कारण ते बदलण्याची परवानगी आपल्याकडून यायला दिवस मोडतो आणि वैमानिक तेवढा थांबत नाही. तो माणसे काट्यावर उभी करतो, वजन लिहितो आणि निघतो. विमान वजनाने पडते, नावाने नाही, असे त्याचे म्हणणे आहे. गावाला ते पटलेले आहे.

३. ओर्फेलिंडाच्या पोटात कळा येऊ लागल्या, तेव्हा आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी पोटाला हात लावून पाहिला आणि "आजच हलवा" म्हणाल्या. शुक्रवार होता, ते एक बरे. त्या दिवशी क्लोतिल्देबाई तुएस्ता, अर्जदाराच्या शेजारीण, काट्यावर उभ्या होत्या. त्यांची धाकटी मुलगी पुकाल्पात असते, तिचे दिवस भरत आले होते आणि बाई जवळजवळ दोन महिने या जागेची वाट पाहत होत्या. अर्जदारावर तोंड उघडायची वेळच आली नाही. बाई आपण होऊन काट्यावरून उतरल्या आणि मुलीसाठी घेतलेली कसाव्याच्या पिठाची पिशवी अर्जदाराच्या हातात कोंबून म्हणाल्या, "बघत काय उभा राहिलायस, फेर्मिन? चढव तिला. माझी नात काय माझ्यावाचून अडून बसणारेय? ती आपली आपण येईल."

जागा एकच होती, म्हणून अर्जदार खाली राहिला. ओर्फेलिंडा खिडकीशी बसली. तिने काहीतरी सांगितले. इंजिन सुरू झाले होते. भट्टीबद्दल असावे.

४. शहरातल्या रुग्णालयात तिची शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या बुधवारी ती वारली. तिथे नाव तिने स्वतः सांगितले होते, त्यामुळे मृत्यूचा दाखला तिच्याच नावाने आहे. आमच्याकडे फोन पाण्याच्या टाकीवर चढले तरच लागतो. अर्जदाराला ही बातमी टाकीवर कळली. तो खाली उतरला आणि त्याने संध्याकाळचे पाव भाजले. लोक घ्यायला येऊन उभेच होते.

५. सवलतीच्या जागेवर उपचारासाठी गेलेला रहिवासी शहरात वारला, तर त्याचे शव त्याच सवलतीत परत आणता येते, असा आपला नियम आहे. चांगला नियम आहे. अर्जदाराने त्याप्रमाणे पहिला अर्ज केला. उत्तर आले की ओर्फेलिंडा पिनेदो नावाच्या व्यक्तीने विमानाने प्रवास केलेला नाही, सबब सदर महिला सान्ता रोसेंदा येथेच असल्याचे दिसून येते. पत्र वाल्तेरने दुकानात मोठ्याने वाचले. "फेर्मिन, सरकार म्हणतंय ओर्फा घरीच आहे. जाऊन बघ तरी एकदा." वाल्तेर वाईट माणूस नाही. त्याच्या तोंडून आधी निघून जाते आणि मग त्याला वाईट वाटते. अर्जदार घरी जाऊन पाहून आला. ती नव्हती.

६. दुसऱ्या अर्जासोबत अर्जदाराने नगरपालिकेचा दाखला जोडला, की सदर महिला गावात राहत नाही. त्यावर आपण विचारले की ती विमानाने गेली नाही, नदीच्या चौकीवरून गेली नाही, तर गेली कशी? ही बाब आपण पोलिसांकडे सोपवली. इथे पोलीस एकच आहे आणि त्याला रोज चार पाव लागतात. तो टोपी काढून दारात उभा राहिला.

"फेर्मिन, विचारावंच लागतंय रे. तिला शेवटचं कुठं पाहिलंस?"

"विमानात बसताना."

"पण यादीत ती नाही."

"तू पण होतास की तिथं. पिशवी तूच चढवलीस."

"होतो ना," तो म्हणाला. "पण मला कोण विचारतंय?"

त्याने ओर्फेलिंडा हरवली असल्याचे लिहून घेतले, चार पाव घेतले आणि पैसे देऊन गेला. तेव्हापासून ती आपल्या दप्तरी गावात आहे, पोलिसांच्या दप्तरी हरवलेली आहे आणि रुग्णालयाच्या दप्तरी शीतगृहात आहे. तिघांत रुग्णालयाचे बरोबर आहे.

७. क्लोतिल्देबाईंचेही हाल सुरू झाले, ते नमूद करणे अर्जदार कर्तव्य समजतो. मुलीला मुलगी झाली. बाईंनी पुन्हा नाव नोंदवायला घेतले तर ते नोंदवलेच जाईना, कारण आपल्याकडे त्या पुकाल्पाला गेलेल्या आहेत आणि परतीचे तिकीट वापरल्याशिवाय नवीन मिळत नाही. बाई वयाच्या सत्तरीत लुगड्यासारखा झगा खोचून टाकीवर चढल्या. आपल्या मदतवाहिनीवरील मुलीशी झालेले बोलणे खाली उभ्या असलेल्या सर्वांनी ऐकले.

"अगं बाई, मी इथंच आहे! सान्ता रोसेंदात! टाकीवर!"

पलीकडून काही सांगण्यात आले.

"परत ये म्हणतेस? अगं परत यायला आधी जायला नको का मला?"

नंतर बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. खाली आल्यावर म्हणाल्या, "पोरगी गोड बोलत होती हो. पण तिला मी तिकडंच पाहिजे."

मदतवाहिनीवरच्या याच मुलीने अर्जदारालाही खासगी विमान ठरवण्याचा सल्ला दिला होता. भाडे ऐकल्यावर अर्जदाराने तिचे आभार मानले आणि फोन ठेवला.

८. यानंतर अर्जदाराने स्वतः शहरात जाऊन शव ताब्यात घ्यावे, असे रुग्णालयाने सुचविले. अर्जदाराने नाव नोंदवले. पाळी अपेक्षेपेक्षा लवकर आली. त्यासाठी वाल्तेरने काही केले असल्यास ते अर्जदाराला माहीत नाही. त्या मंगळवारी अर्जदार स्वच्छ सदरा घालून, ओर्फेलिंडाचा निळा झगा घडी करून पिशवीत घेऊन काट्यावर उभा राहिला. वजन लिहून झाले होते. तेवढ्यात शाळेतले सेवेरो गुरुजी यांना चौघांनी झोळीतून आणले. लाकडे उचलताना त्यांना साप चावला होता आणि पाय मांडीपर्यंत काळा पडला होता. वाल्तेरने कर्णा हातात घेतला, अर्जदाराकडे पाहिले आणि कर्णा खाली ठेवला. ओरडला नाही. त्या दिवशी दुसरे कोणीही उतरले असते, ही गोष्ट अर्जदाराला माहीत आहे. पण काट्यावर तो होता आणि गुरुजींना घाम फुटला होता. अर्जदार उतरला.

गुरुजींचा पाय वाचला. ते अजून शहरात आहेत आणि काठी घेऊन चालतात.

त्यानंतर आपले शेवटचे पत्र आले, की अर्जदार अमुक विमानाने पुकाल्पास पोचल्याची नोंद असल्यामुळे त्याने टपालाने अर्ज पाठवत बसू नये, कार्यालयीन वेळेत समक्ष यावे. या कार्यालयाला अर्जदार काही दोष देत नाही. पत्र गावच्या पत्त्यावर आले आणि अर्जदाराने ते गावातच वाचले.

९. त्याच पत्रात आपण मार्ग सांगितला आहे, त्याबद्दल अर्जदार खरोखर आभारी आहे. कोण कोणाच्या नावावर गेले हे क्लोतिल्देबाई, सेवेरो गुरुजी आणि अर्जदार यांनी प्रतिज्ञापत्रावर लिहून दिल्यास नोंद दुरुस्त होईल आणि शव सवलतीत येईल. मात्र तिघांनाही दोन वर्षे सवलतीचे तिकीट मिळणार नाही आणि यापुढे दर विमानाला पट्टीवर रखवालदार राहून ओळखपत्र आणि नाव जुळवील.

अर्जदाराने हे क्लोतिल्देबाईंना सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दे की लिहून. दोन वर्षांत मी मरत नाही आणि नात चालायला लागेल, तेव्हा ती येईल इकडं. तू ओर्फाला घरी आण."

"आणि रखवालदार?"

त्यांनी तांदळाचे ताट बाजूला सारले.

अर्जदाराने यावर विचार केला. फार केला असे म्हणता येणार नाही, कारण हल्ली त्याला फार विचार होत नाही. रखवालदार आला की वाल्तेर कर्ण्यावरून ओरडेल, कोणीतरी उतरेलही, पण त्याच्या जागी दुसऱ्याला चढता येणार नाही. जागा रिकामी जाईल आणि माणूस पट्टीवर पडून राहील. अर्जदाराला ओर्फेलिंडा घरी हवी होती. शाळेच्या मागे, तिच्या आईजवळ. त्याला दुसरे काही नको होते, आजही नको आहे. पण ती जिवंत असताना शहरापर्यंत पोचली ती या रीतीमुळेच, आणि तिला आणण्यासाठी ही रीत मोडायची, हे अर्जदाराला जमत नाही. प्रतिज्ञापत्र मिळणार नाही.

१०. शव अधिक काळ ठेवता येत नाही, असे रुग्णालयाने कळविले आहे. त्यांची वागणूक चांगली होती. येत्या सोमवारी सकाळी शहराच्या दफनभूमीत दफन आहे. सेवेरो गुरुजी जाणार आहेत. निळा झगा शुक्रवारच्या विमानाने त्यांच्याकडे जाईल. काल टाकीवर चढून अर्जदाराने त्यांना फोन केला. त्यांनी विचारले, "फेर्मिन, तिथं तुझ्या वतीनं दोन शब्द बोलावे लागतील. काय बोलू?"

ओर्फेलिंडा विमानाच्या खिडकीतून काय म्हणाली होती, ते अर्जदाराने आठवायचा प्रयत्न केला. वर वारा फार होता.

"राहू दे," गुरुजी म्हणाले. "नुसता उभा राहीन."

तरी विनंती की अर्जदाराचे आधीचे सर्व अर्ज रद्द समजावेत. आणि आपल्या ज्या दप्तरात अर्जदार पुकाल्पात असल्याची नोंद आहे, त्याच दप्तरात, सोमवारी पत्नीचे दफन झाले तेव्हा तो तिथे हजर होता, एवढी एक ओळ लिहावी. त्यासाठी आपल्याला कोणतीही नोंद बदलावी लागणार नाही.

आपल्या दप्तराप्रमाणे पुकाल्पात असलेला, आपला नम्र,

फेर्मिन शापियामा
सान्ता रोसेंदा, गुरुवार. उद्याच्या विमानाने रवाना.

सोबत : मृत्यूच्या दाखल्याची प्रत. तिच्यावरचे नाव बरोबर आहे.