बशीखालचा गोल

माय, चौथीपर्यंत शिकलेल्या हातानं लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे. तुला तरी कुठं वाचता येत होतं म्हणा! दुपार आहे, सून आत झोपली आहे, मी ओसरीवर बसले आहे. अंगात त्राण नाही, पण नातीची गोष्ट तुला सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही. तुझी पणती ती. नाक तुझं घेतलंय, चालतेही तुझ्यासारखीच तरातरा. नुसतं पाहिलं तरी माझं पोट भरतं.

ती मोठ्या शहरात शिकते, गावाच्या आरोग्याचं काहीतरी. उन्हाळ्यात कागद-पेन घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, मी गावाचं नेटवर्क पाहायले आली." आता नेटवर्क म्हणजे आमच्याकडे फोनची रेंज. फोन तुझ्यामागून आले, माय. इथलं बोललेलं तिकडं ऐकू येतं, पण आमच्या गावात नीट ऐकू यायचं तर पाराजवळ जाऊन उभं राहावं लागतं. झालं, टॉवरवाली पोरगी आली म्हणून गावभर बोभाटा. मेडिकलवाला तर घरीच आला, "ताई, टॉवर आमच्या गल्लीत बसवजा, चहा माह्याकडून." पोरगी हसून हसून खाली बसली.

मग तिनं मला समजावलं. दवाखाना, अंगणवाडी, शाळा, पंचायत, बचत गट, सगळे मिळून गावाची तब्येत सांभाळतात म्हणे. पण खरंच मिळून, की ज्याचं त्याचं वेगळं? म्हणून ती प्रत्येकाला एकच विचारत फिरली, "काम अडलं तर तुमी कोणाले सांगता?" ज्याला विचारलं त्याचा एक गोल, आणि तो ज्याचं नाव घेईल त्याच्याकडं एक रेघ. मी भाकरी थापता थापता पाहत होते. रांगोळीच म्हण. पण सगळ्या रेघा एकाच गोलात शिरत होत्या. तो गोल माझ्या सुनेचा, म्हणजे तिच्याच आईचा.

सून गावची आशा आहे. घरोघर फिरून बाळंतिणी पाहायच्या, पोरांना सुया टोचायला न्यायचं, तापाच्या गोळ्या द्यायच्या. तू सुईण होतीस तेव्हा करायचीस तसंच, पण वर दवाखान्याचे कागद. पोरीनं तिलाही विचारलं, "मम्मी, तुही अडचण तू कोणाले सांगते?" सून लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मले काय अडते?" गर्भपिशवीत गाठ होती तिच्या, माय. बुलढाण्याला ऑपरेशन ठरलं होतं, पण कधी पोलिओचे डोस निघाले, कधी सर्वे, कधी कोणाची बाळंतपणाची घाई. तारीख आपली पुढं पुढं.

पंचायतीत बैठक झाली. नात बोलणार म्हणून मी ठेवणीतलं लुगडं नेसून गेले. तिनं तो मोठा कागद टेबलावर पसरला. तालुक्याहून आलेले साहेब खूश. "वा, काय घट्ट साखळी आहे! या ताईंकडे आणखी एखादं काम द्यायला हरकत नाही." पोरीनं साहेबांपुढची बशी उचलली आणि आईच्या गोलावर पालथी घातली.

"आता पाहा."

पाहिलं. एका गोलातून दुसऱ्यात जाणारी एकही रेघ उरली नव्हती. शाळा आणि अंगणवाडीची भिंत एक, तरी नाही.

सरपंच हळूच म्हणाले, "मंग ताई आजारी पडल्या तं?"

"पडली हाय ना काका. कवाची पडली हाय."

कोणी चहाला हात लावेना. तेव्हा सून खालमानेनं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "मले बुलढाण्याले जायचं हाय." एवढंच. माझ्या घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण स्वतःसाठी काही मागताना तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

ऑपरेशन झालं. शेजारच्या गावच्या आशाताई आपलं गाव पाहून राहिल्या आहेत, गुरुजी आता अंगणवाडीत स्वतः जातात म्हणे. पण सुनेचा फोन थांबत नाही. "ताई, फकस्त एकच विचारतो."

माय, तुला तापानं ग्लानी आली होती ती सकाळ आठवते? तू चुलीपाशी गोधडीत पडलेली. दारात माणूस आला, त्याच्या सुनेला कळा सुरू झाल्या म्हणाला. मी एवढीशी, सांगून टाकलं, "माय बीबी गावाच्या बाजाराले गेली." तू ऐकलंस, गोधडीसकट उठलीस आणि त्याच्यामागं गेलीस. परत आल्यावर मारलं नाहीस. नुसतं म्हणालीस, "दारातल्या माणसाले खोटं सांगते काय वं? तो भरोशानं आला व्हता." तू देवाघरी गेलीस तेव्हा माझ्या सुनेच्याच वयाची होतीस. मी आता तुझ्याहून कितीतरी म्हातारी आहे.

सुनेचा फोन मी ज्वारीच्या कोठीत ठेवला आहे. वाजला की काढते, "हालो, हालो, आवाज येऊन नाही राह्यला बापा, नेटवर्क नाही," म्हणते आणि परत दाण्यांत खुपसते. हे पत्र तुला पोचायचं नाही तेच बरं. पोचलं तर तू गोधडी लपेटून आधी त्या फोनवाल्याच्याच घरी जाशील. बघ, कोठी पुन्हा घुमायला लागली. उठते. खोटंच सांगणार आहे, माय.