वसंताची बढती आणि ती तार

७ मे १९७३, नांदुरा
पोराचं, वसंताचं पत्र. कमांडरच्या यादीत याही खेपेला नाव नाही. नौदलात आता बढतीला लढाईतली नोंद आधी पाहतात म्हणे, कोण कोणत्या जहाजावर होता, काय केलं. याच्या नोंदीत लढाईच्या महिन्यात काय? आईच्या आजारपणाची रजा, मग किनाऱ्यावरचं हापिस. "बढतीच्या मंडळातल्या एकानं विचारलं, आई आता कशी आहे? मी म्हणलो, बरी आहे. बाकीचे हसले." इथवर वाचलं नि पत्र मिटलं. जेवण गेलं नाही.

८ मे
इथे तरी खरं लिहितो. ही आजारी नव्हतीच. एकाहत्तर साली लढाई होणार अशी बाजारात कुजबुज, माझं काळीज जागेवर नाही. तीस वर्षं तारबाबू होतो. कोणत्या शब्दानं साहेब रजा देतो ते पाठ. 'आई अत्यवस्थ, ताबडतोब ये,' अशी तार ठोकली. पोरगा धावत आला. ही गोधडी घेऊन पडली. चौथ्या दिवशी रेडिओवर लढाई. तसाच स्टेशनावर पळाला, पण मुंबईत पोचेतो जहाज गेलेलं. आणि ते जहाज परत आलं, कोणाला ओरखडा नाही! याच्या जागी जो गेला तो आज कमांडर. गाढव मी, गाढव.

९ मे
हिला म्हणालो, आपणच पोराचा गळा कापला.
"जित्ता हाये ना तो? मंग काऊन रडून राह्यले?"
 

१५ मे
दुसरं पत्र. नोंदीत शेराच आहे: लढाईच्या तोंडावर रजा, कारण पटले नाही. म्हणजे पळपुटा. माझा वसंता! आई खरंच अत्यवस्थ होती असा डॉक्टरचा कागद जोडला तर शेरा निघेल, नाव पुन्हा मंडळापुढे जाईल. "बाबा, काझी डॉक्टरांकडून लवकर आणा. ही शेवटची संधी."

१७ मे
काझी डॉक्टरकडे गेलो. तारेची तारीख सांगितली. त्यांनी चष्मा काढला.
"तारबाबू, त्या दिवशी माह्या पोरीचं लग्न होतं. भाभी पाहुण्यायले वाढत होत्या. काय लिहू मी?"
पाया पडायचा तेवढा राहिलो.
"वसंताले खरं सांगा. मी होऊन बोलणार नाही. पण त्यानं इचारलं तं खोटंही सांगणार नाही."

२१ मे
वसंताला पत्र. चार वेळा लिहिलं, चारही फाडली. नौदलालाच खरं कळवावं, तर म्हणतील बापलेकाचा बेत होता. सगळीकडून बंद. मरण येत नाही.

२६ मे
वसंता न कळवता आला, सकाळच्या पॅसेंजरनं. वाळलाय. पाणीही न पिता, "बाबा, कागद झाला?"
"डॉक्टर गावाले गेले." पुन्हा खोटं! तोंडातून निघालंच.
"आत्ताच दिसले ना मले दवाखान्यात. राहू द्या, मीच आणतो."
चपला घातल्या. मी दारापर्यंत गेलो. आता सांगायचंच.
"वसंता..."
"काय बाबा?"
"ऊन लई हाये. टोपी घाल."
टोपी घातली नि गेला.

दवाखाना पाच मिनिटांवर. तासाच्या वर झालं. हिनं आंब्याचा रस केला आहे. आतून विचारते, "पोळ्या टाकू का? येईन का तो जेवाले?"