सलोखा मित्रांच्या समोरची खुर्ची मला मिळण्याबाबत

प्रति,
मा. उपायुक्त,
सामाजिक सलोखा व द्वेष प्रतिबंध कक्ष,
महानगरपालिका, मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : खालच्या गल्लीतील डेअरीवाले, म्हणजे आपले नवे 'सलोखा मित्र', यांच्याबरोबर समोरासमोर बैठकीत जोडीदार म्हणून माझी कायमची नेमणूक होण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे अर्ज, ज्यांची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही.
२) आपल्या कक्षाने चौकात लावलेला, डेअरीवाल्यांच्या हसऱ्या फोटोचा फलक.

महोदय,

मी वरच्या गल्लीत राहतो. खिडक्यांना आणि दुकानांना काचा बसवतो. माझी पत्नी घरातच पाळणाघर चालवत असे. तिच्याकडे दोन्ही गल्ल्यांतली मुले असत, आणि मुलांबरोबर त्यांच्या आयाही तिला मावशी म्हणत. ती आता नाही. ती कशी गेली हे मी आधीच्या अर्जांत लिहिले होते. ते कोणी वाचलेले दिसत नाही, म्हणून पुन्हा लिहितो.

१. पाळणाघरात एखाद्या मुलाला खोकला झाला, की ती त्याच्या पेल्याच्या कानाला लाल दोरा बांधायची. उष्ट्या पेल्याने दुसऱ्याला खोकला लागू नये एवढाच त्यातला हेतू. एकदा खोकणारी सगळी मुले खालच्या गल्लीतली निघाली. खोकला गल्ली विचारून येत नाही, पण त्या वेळी तसे झाले खरे. एका आईने फडताळावरच्या पेल्यांचा फोटो काढला आणि काही न लिहिता खालच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. डेअरीवाल्यांनी त्याच्याखाली लिहिले, "आपल्या पोरांची भांडी वेगळी ठेवतात. बघा आणि पुढे पाठवा." लोकांनी पाहिले आणि पुढे पाठवले.

२. मी त्याच दिवशी आपल्या 'अफवा कळवा' क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या बाईंनी सगळे नीट ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "काका, नोंद झाली, काळजी करू नका." पत्नी गेल्यानंतर मला संदेश आला की आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे, सेवेला किती तारे द्याल? मी अजून दिलेले नाहीत.

३. पाळणाघर रिकामे झाले. आमच्या खिडक्या फुटल्या. मग आमच्या बाजूच्यांनी त्यांच्या फोडल्या. माझा धंदा इतका चांगला कधी चालला नव्हता, हे मी लपवत नाही. दोन्ही गल्ल्यांत मीच काचा बसवत होतो. खालच्या गल्लीने मध्ये लोखंडी फाटक बसवले. आमची गल्ली पुढे बंद आहे. गाडी आत यायची किंवा बाहेर जायची तर खालूनच. फाटकाची किल्ली डेअरीवाल्यांकडे असे. फाटक कोणी लावले, परवानगी कोणी दिली, हे मी आपल्या कार्यालयात विचारले तेव्हा लिपिक म्हणाले, "ते अतिक्रमण विभागाकडे. आमच्याकडे फक्त मनं येतात."

४. पत्नीला दमा होता. एका दुपारी तो उसळला. रुग्णवाहिका आली, पण फाटकाच्या पलीकडे उभी राहिली. मी तिला उचलून फाटकापर्यंत नेले. डेअरीवाले पलीकडून आले. मी म्हणालो, "भाऊ, उघडा." ते म्हणाले, "उघडतो ना. आधी त्या पेल्यांचं काय ते सांगा." मी सांगायला लागलो तर म्हणाले, "तुम्ही नाही. वहिनींना बोलू दे. वहिनी बोलत का नाहीत?"

ती बोलायचा प्रयत्न करत होती. माणसाचा श्वास अडकतो तेव्हा त्याला बोलता येत नाही, महोदय. गाडीचा चालक ओरडला, "अहो, किल्ली आणा आधी!" त्यावर डेअरीवाले म्हणाले, "शोधतोय ना, सापडत नाही." किल्लीची दोरी त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून बाहेर लोंबत होती. नंतर त्यांनी फाटक उघडले. तोवर घाईचे काम उरले नव्हते.

५. पोलीस म्हणाले, किल्ली सापडायला वेळ लागणे हा गुन्हा नाही. आपले लिपिक म्हणाले, "काका, आमचा कक्ष घडू नये म्हणून आहे. घडून गेलेलं आमच्यात बसत नाही." मी विचारले, "मग घडत असतं तेव्हा कोणाकडे यायचं?" ते चहा प्यायला गेले.

६. आता मूळ मुद्दा. फाटक काढण्याचा कार्यक्रम आपण केला. डेअरीवाल्यांनी ती किल्ली फोटोवाल्यांसमोर आपल्या हाती दिली. आपण त्यांना हार घातला, बिल्ला लावला आणि सलोखा मित्र केले. भाषणात ते म्हणाले, "दोन्ही बाजूंनी थोडं थोडं चुकलं." माझ्या पत्नीचे थोडे काय चुकले, हे मी गर्दीतून विचारले. आपल्या माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, आज आनंदाचा दिवस आहे."

७. त्यानंतर आमच्या गल्लीतले काहीजण सळया घेऊन माझ्या घरी आले. "काका, तुम्ही फक्त हो म्हणा," असे त्यांचे म्हणणे होते. मी नाही म्हणालो. माझे मन मोठे आहे असे कृपया कोठे लिहू नये. माझे दुःख मला त्यांच्या हातात द्यायचे नव्हते. त्यांनी त्यात खालच्या गल्लीतली सगळी घरे धरली असती. माझे वैर त्या गल्लीशी नाही. फोटो काढणारी आई रडत आली होती, तिला मी पाणी दिले आणि बसवले. माझे वैर एका माणसाशी आहे. ते मला कोणाशीही वाटून घ्यायचे नाही.

डेअरीची दर्शनी काच मीच बसवलेली आहे. ती कोठे ठोकली की एका फटक्यात खाली येईल, हे मला ठाऊक आहे. पण मग ते पीडित झाले असते आणि मी आपल्या पुढच्या फलकावर आलो असतो. मुलगी म्हणते, "बाबा, सोडून द्या ना आता." सोडून देण्यासाठी आधी हातात काही यावे लागते.

८. ते आपल्याच कक्षाने माझ्या हातात दिले आहे, त्याबद्दल आभार मानतो. समोरासमोर बैठकीचे नियम आपल्या दारावर लावले आहेत. मी ते उभ्याउभ्या वाचले. दोन गल्ल्यांतली दोन माणसे समोरासमोर बसतील. एकाने बोलायचे, दुसऱ्याने ऐकायचे. ऐकणाऱ्याने मध्ये बोलायचे नाही, उठायचे नाही, फोन पाहायचा नाही. शेवटी ऐकणाऱ्याने ऐकलेले स्वतःच्या तोंडाने परत सांगायचे. बोलणारा 'बरोबर' म्हणाला तरच त्याची पाळी संपते. नाहीतर पुढच्या बैठकीला तीच जोडी, तोच विषय. आणि सलोखा मित्राला जोडीदार नाकारता येत नाही. नाकारला तर बिल्ला परत करावा लागतो.

डेअरीवाल्यांना पुढच्या निवडणुकीला उभे राहायचे आहे. बिल्ला ते परत करणार नाहीत.

९. तरी माझी विनंती अशी की, मला त्यांचा जोडीदार नेमावे. पहिली पाळी मला द्यावी. मी ओरडणार नाही, शिवी देणार नाही, बोटही लावणार नाही. ती फाटकापाशी कशी श्वास ओढत होती, तेवढेच सांगेन. मग त्यांनी ते स्वतःच्या तोंडाने सांगावे. ओठ कोणत्या रंगाचे झाले होते हे त्यांनी गाळले, तर मी बरोबर म्हणणार नाही. 'किल्ली सापडत नव्हती' असे म्हणाले, तरी म्हणणार नाही. आणि सगळे नीट सांगितले तर तेव्हा बघू. नियमात मला घाई करण्याचे बंधन कोठे दिसले नाही.

बैठकीला चहा-बिस्किटे असतात असे कळते. मला नकोत. खुर्ची तेवढी पाठ टेकायची द्यावी. बराच वेळ बसावे लागेल.

हा अर्ज नामंजूर झाल्यास कारण लेखी कळवावे. आपण द्वेष थांबवण्यासाठी नेमलेले आहात. माझा द्वेष एका खोलीत, दोन खुर्च्यांच्या मध्ये, आपल्याच नियमांत बसवून ठेवण्याची सोय मी स्वतः आपल्याला सुचवत आहे. तो बाहेर रस्त्यावर नको असेल, तर आत जागा करावी.

नम्र राहण्याचा प्रयत्न करणारा,

(सही)
वरच्या गल्लीतला काचवाला

दिनांक : अर्ज दिला तो, पोचेवर शिक्का असेल तो.

सोबत :
१) पत्नीच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
२) आपल्या दारावरच्या नियमांची मी हाताने उतरवून घेतलेली प्रत.
३) माझी प्रकृती ठणठणीत असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र. या वयात किती वर्षे बैठकांना येऊ शकाल, असे विचारले जाईल म्हणून.